पेन स्टेट फुटबॉल: कॅम्पबेल यांचे आगमन, रिकामा झालेला भरतीवर्ग आणि २०२६ चा प्लेऑफ

नाना_निटनी (धागाकर्ता)

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वसाधारण धाग्यावर पेन स्टेटचा (पेनसिल्व्हेनियातील आपल्या विद्यापीठाचा) विषय निघाला की दोन प्रतिसादांत तो ओहायो स्टेटकडे वळतो, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे. जानेवारीतील ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याची, मुदत संपली आहे आणि वसंतातील दुसरी मुदत यंदापासून रद्दच झाली आहे. त्यामुळे २०२६ मध्ये आपल्याकडून कोण खेळणार हे बऱ्याच अंशी ठरले आहे, आणि हिशेब मांडायला हीच वेळ योग्य वाटते.

आधी झाले ते थोडक्यात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत आपण दुसरे होतो. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा) ड्रू ॲलर आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) निकोलस सिंगल्टन व केट्रॉन ॲलन हे तिघेही एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, वर्षभर थांबवून परतले होते, आणि ओहायो स्टेटच्या विजेतेपदामागील बचावाचे शिल्पकार जिम नोल्स यांना आपण त्यांच्या कोलंबसहून आणले होते. २७ सप्टेंबरला व्हाइट आउटच्या (प्रेक्षक पांढऱ्या कपड्यांत येतात त्या) रात्री ओरेगॉनने दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३०-२४ असे हरवले. तिथवर ठीक होते, ओरेगॉनकडून हरण्यात लाज नाही. पुढच्या शनिवारी, तोवर एकही सामना न जिंकलेल्या आणि स्वतःचा प्रशिक्षक आधीच काढून टाकलेल्या यूसीएलएने ४२-३७ असे हरवले. त्याच्या पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१ अशी हार झाली, आणि त्याच सामन्यात ॲलर जायबंदी होऊन त्याचा हंगाम संपला. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना निरोप देण्यात आला.

फ्रँकलिन यांना काढणे चूक होते असे मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) निर्बंधांनी शिष्यवृत्त्या कापलेला संघ त्यांनी हाती घेतला, २०१६ मध्ये बिग टेन ही आपली कॉन्फरन्स (विद्यापीठांचा गट) जिंकून दिली आणि २०२४ च्या हंगामात प्लेऑफच्या (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या) उपांत्य फेरीपर्यंत नेले. १०४ विजय आणि ४५ पराभव ही कारकीर्द कोणत्याही विद्यापीठाने अभिमानाने मिरवावी अशी आहे. तरीही पहिल्या दहांतील संघांविरुद्ध ४ विजय आणि २१ पराभव, तर ओहायो स्टेटविरुद्ध अकरा सामन्यांत एकच विजय, हे आकडे बारा वर्षे पाठीला चिकटून राहिले आणि ते पुसले जाण्याची चिन्हे दिसत नव्हती.

माझा आक्षेप त्यानंतर जे घडले, किंवा घडले नाही, त्याला आहे. मुख्य प्रशिक्षकाची जागा जवळजवळ आठ आठवडे रिकामी होती. त्या काळात ज्यांची नावे आपल्याशी जोडली जात होती, त्यांतल्या अनेकांनी आपल्याच विद्यापीठाकडून नवे करार पदरात पाडून घेतले. नेब्रास्काच्या मॅट रूल यांचे तसेच झाले, आणि ते तर पेन स्टेटचेच माजी खेळाडू. अखेरीस बीवाययूचे (ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे) कलानी सिताके येणार अशी हवा झाली आणि तेही तिथेच राहिले. शालेय खेळाडूंच्या करारांचा हंगाम ३ डिसेंबरला उघडला. तोवर आयोवा स्टेटचे प्रशिक्षक असलेल्या मॅट कॅम्पबेल यांची नियुक्ती ५ डिसेंबरला झाली. या दोन दिवसांच्या अंतराची किंमत अशी की त्या टप्प्यात एवढ्या मोठ्या विद्यापीठाशी अवघ्या दोन खेळाडूंनी करार केला. हातातून गेलेल्या मुलांपैकी बरेच जण फ्रँकलिन यांच्या मागोमाग व्हर्जिनिया टेकला गेले.

२०२६ चा संघ पोर्टलने सावरला आहे, हे मला मान्य आहे. पण शालेय खेळाडूंचा जो वर्ग आज आलाच नाही तो २०२८ आणि २०२९ मध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षात असायला हवा होता. प्लेऑफची आशा दरवर्षी जानेवारीत बाजारातून आणता येते का, हा माझा प्रश्न आहे.


एम्सकर

धागाकर्त्यांनी पेन स्टेटचे दुःख मांडले. आता ज्यांचा प्रशिक्षक गेला त्यांचेही ऐकावे, ही विनंती. आयोवा स्टेटमधून पदवी घेतल्यानंतर मी एम्समध्येच स्थायिक झालो, त्यामुळे कॅम्पबेल यांची दहाही वर्षे जॅक ट्राइस स्टेडियममध्ये बसून पाहिली आहेत.

ते आले त्याआधीच्या तीन हंगामांत आमच्या संघाने मिळून आठ सामने जिंकले होते. पहिल्या वर्षी त्यांनाही ३-९ वरच (तीन विजय, नऊ पराभव) समाधान मानावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिसऱ्या क्रमांकावरील ओक्लाहोमाला नॉर्मनमध्ये जाऊन ३८-३१ असे हरवले आणि त्याच महिन्यात चौथ्या क्रमांकावरील टीसीयूलाही. २०२० च्या हंगामाअखेर फिएस्टा बोल या निमंत्रितांच्या सामन्यात ओरेगॉनवर ३४-१७ असा विजय मिळाला. २०२४ मध्ये अकरा सामने जिंकले, जे आयोवा स्टेटच्या संपूर्ण इतिहासात त्याआधी कधीच घडले नव्हते. हे सर्व अशा मुलांच्या बळावर झाले ज्यांच्याकडे तुमच्या भरती विभागाने ढुंकूनही पाहिले नसते. ब्रॉक पर्डीचे उदाहरण आता सर्वांना पाठ आहे: २०२२ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला मुलगा दोन वर्षांच्या आत सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, सुरुवात करत होता. डेव्हिड मॉन्टगोमेरी आणि ब्रीस हॉल हे दोघे रनिंग बॅकही त्यांच्याच हाताखाली घडले.

म्हणूनच नानांचा प्रश्न मला उलट बाजूने पडतो. कॅम्पबेल यांची खरी विद्या म्हणजे अठरा वर्षांचा, भरतीच्या गुणांकनात दोन-तीनच तारे लाभलेला मुलगा घेऊन त्याला तीन वर्षे व्यायामशाळेत आणि मैदानावर वाढवणे. पेन स्टेटमध्ये येताच त्यांना नेमके तेच करायला मिळाले नाही. त्याऐवजी त्यांनी आमच्याच घरातून वीसहून अधिक तयार खेळाडू नेले, आणि त्यांत तीन वर्षे आमचा क्वार्टरबॅक असलेला रॉको बेक्टही आहे. आमचा संघ जवळजवळ रिकामा झाला. नवे प्रशिक्षक जिमी रॉजर्स यांना अक्षरशः नव्याने चूल मांडावी लागत आहे. राग आहे का? थोडा आहे. पण दहा वर्षांत मोठमोठ्या जागांसाठी त्यांचे नाव येत राहिले आणि ते राहिले, हे विसरण्याएवढा मी कृतघ्न नाही.


कोलंबसची_काकू

आम्हा ओहायो स्टेटवाल्यांचा आवाज मोठा होतो आणि विषय आमच्याकडे वळतो, अशी तक्रार वाचली. सामने जिंकले की आवाज आपोआप मोठा होतो, त्याला आमचा इलाज नाही.

तरी मनापासून सांगते, कॅम्पबेल ही निवड मला चांगली वाटते. ते मूळचे ओहायोच्या मॅसिलनचे; माउंट युनियनला खेळले, टोलीडोला मुख्य प्रशिक्षक झाले. त्यामुळे आमच्या राज्यातील शाळांच्या प्रशिक्षकांशी त्यांचे जुने संबंध आहेत, आणि आमच्या अंगणातील मुले पळवण्याची क्षमता फ्रँकलिन यांच्यापेक्षा त्यांच्यात अधिक असू शकेल.

आता एम्सकरांनी जे सांगितले नाही ते मी सांगते. दहा वर्षांत त्यांना कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळाले नाही. दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले: २०२० मध्ये ओक्लाहोमाने २७-२१ असे हरवले, आणि २०२४ मध्ये ॲरिझोना स्टेटने ४५-१९ असा धुव्वा उडवला. तो दुसरा सामना जिंकला असता तर थेट प्लेऑफमध्ये गेले असते. तुम्ही फ्रँकलिन यांना मोठे सामने हरतात म्हणून काढले आणि ज्यांनी सर्वांत मोठे दोन्ही सामने गमावले त्यांना आणले, यातील तर्क मला कोणी समजावून सांगावा.


नाना_निटनी

काकू, तर्क असा की फ्रँकलिन यांच्याकडे बरोबरीचे खेळाडू असताना ते हरत. कॅम्पबेल यांच्याकडे तसे खेळाडू कधी नव्हतेच. हा दावा खरा की खोटा हे येत्या दोन-तीन वर्षांत कळेल, पण तर्क नाही असे म्हणता येणार नाही.

आणि २०१६ चा विषय मी मुद्दाम टाळला होता, पण आता काढतोच. त्या वर्षी आम्ही अडवलेल्या तुमच्या फील्ड गोलचा (गोलखांबांकडे मारलेल्या किकचा) चेंडू उचलून ग्रँट हेलीने तो टचडाऊनपर्यंत नेला, आम्ही तुम्हाला २४-२१ असे हरवले, पुढे विस्कॉन्सिनला हरवून बिग टेनही जिंकली, आणि तरी चार संघांच्या प्लेऑफमध्ये समितीने तुम्हालाच नेले.


कोलंबसची_काकू

नेले, आणि क्लेमसनने आम्हाला ३१-० असे घरी पाठवले. तुमचे दुःख आम्ही भोगले असे समजा.


पहाटेचा_प्रेक्षक

नमस्कार. मी पुण्यात असतो. मुलगी स्टेट कॉलेजला, म्हणजे पेन स्टेटच्या गावी, शिकायला गेल्यापासून हा खेळ पाहू लागलो. ओरेगॉनचा तो सामना आमच्याकडे रविवारी पहाटे पाच वाजता सुरू झाला होता आणि दुसरा ओव्हरटाइम संपेपर्यंत दूधवाला येऊन गेला होता.

दोन गोष्टी मला अजून नीट उमगलेल्या नाहीत. पहिली अशी की एखाद्या खेळाडूने वर्षभर आधी विद्यापीठाला होकार दिलेला असताना तो शेवटच्या आठवड्यात दुसरीकडे कसा जाऊ शकतो? आणि दुसरी, प्लेऑफचे बारा संघ निवडते कोण? जाणकारांनी सविस्तर सांगितले तर उपकार होतील.


ब्लॅक्सबर्गवाला

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मान आमचा, कारण त्या व्यवस्थेचा लाभ यंदा सर्वांत जास्त आम्हा व्हर्जिनिया टेकवाल्यांनाच झाला आहे.

सोयरीक ठरली तरी लग्न लागेपर्यंत काही खरे नसते, तसेच हे. शालेय खेळाडू ‘कमिट’ होतो तेव्हा तो फक्त तोंडी शब्द असतो. खरा करार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो केवळ फेब्रुवारीत होत असे, पण २०१७ पासून डिसेंबरचा टप्पा आला आणि आता बहुतेक मुले तेव्हाच स्वाक्षरी करून मोकळी होतात. मुलाने शब्द दिलेला असतो तो बहुतेक वेळा त्याच्या घरी तीन वर्षे फेऱ्या मारणाऱ्या प्रशिक्षकाला. तो प्रशिक्षकच गेला की मुलगा मोकळा होतो. फ्रँकलिन यांना आम्ही नोव्हेंबरात आणले, म्हणजे स्वाक्षऱ्यांच्या आधी. त्यांनी आल्याआल्या पूर्वी पेन स्टेटसाठी पटवलेल्या मुलांना फोन केले, आणि आमचा वर्ग काही दिवसांत कुठल्या कुठे गेला. पोर्टल उघडल्यावर ॲलरच्या जागी खेळलेला क्वार्टरबॅक ईथन ग्रंकमायर हादेखील त्यांच्यामागे आला.

नानांच्या वेळापत्रकाच्या आक्षेपाला माझे पूर्ण अनुमोदन आहे, कारण आमचे प्रशिक्षक ब्रेंट प्राय सप्टेंबरातच गेले होते आणि आम्हीही बरेच दिवस रिकाम्या खुर्चीकडे पाहत होतो. फरक एवढाच की आम्ही ३-९ असा हंगाम खेळलेला संघ आहोत. आमच्याकडे गमावण्यासारखे फारसे नव्हते. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने चार वर्षांत क्रीडा विभागासाठी २२.९ कोटी डॉलरची जास्तीची तरतूद मंजूर केली आणि मग फ्रँकलिन यांच्यासारखा माणूस येण्याची शक्यता निर्माण झाली. पेन स्टेटलाही त्यात लाभच झाला म्हणा. करारानुसार ते फ्रँकलिन यांना सुमारे ४.९ कोटी डॉलर देणे लागत होते. फ्रँकलिन आमच्याकडे आल्यामुळे ही रक्कम तडजोडीने ९० लाखांवर आली.


वाबाशकाठचा

मी पर्ड्यूचा. म्हणजे या धाग्यावर माझा खरे तर काहीच संबंध नाही. गेल्या दोन हंगामांत मिळून आम्ही तीन सामने जिंकले आहेत आणि प्लेऑफ आम्ही इतरांचा पाहतो. परंतु इंडियानात राहून जे डोळ्यांनी पाहिले ते सांगणे भाग आहे, कारण नानांच्या प्रश्नाचे उत्तर ब्लूमिंग्टनमध्ये, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी इंडियाना विद्यापीठात आहे. हे लिहिताना मला किती यातना होत आहेत याची कल्पना फक्त पर्ड्यूच्या माणसालाच येईल.

कर्ट सिग्नेटी २०२३ च्या नोव्हेंबरअखेर इंडियानात आले तेव्हा तो संघ ३-९ होता. येताना त्यांनी जेम्स मॅडिसन विद्यापीठातील तेरा खेळाडू बरोबर आणले. कोणी त्यांना तारे दिलेले नव्हते, पण ते बावीस-तेवीस वर्षांचे, तीन-चार वर्षे एकत्र खेळलेले आणि प्रशिक्षकाची पद्धत कोळून प्यायलेले होते. पहिल्याच वर्षी ११-२ झाले. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आणला, त्याला हाइझमन (वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाला. संघाने बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १३-१०, प्लेऑफमध्ये रोझ बोलला अलाबामाला ३८-३, उपांत्य फेरीत ओरेगॉनला ५६-२२ आणि १९ जानेवारीला अंतिम सामन्यात मायामीला त्यांच्याच गावात २७-२१ असे हरवून १६-० असा हंगाम पूर्ण केला. एकही पराभव नाही. भरतीच्या क्रमवारीत ज्यांची कोणी गणनाच करत नसे, त्या विद्यापीठाने हे केले.

म्हणून वीसहून अधिक तयार खेळाडू बरोबर घेऊन आलेले कॅम्पबेल पाहिले की मला पेन स्टेटची कीव येत नाही. सिग्नेटींच्या पहिल्या वर्षी हेच चित्र होते, आणि कॅम्पबेल यांच्या हाती तर एक लाख सहा हजारांहून अधिक आसनांचे मैदान आणि भक्कम खजिना आहे.


एम्सकर

वाबाशकाठच्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एक सावधगिरी बाळगावी लागेल. इंडियानाचा तो संघ घडला त्याला एक ऐतिहासिक योग होता. कोविडच्या वर्षामुळे खेळण्यासाठी मिळालेल्या जास्तीच्या वर्षाचे शेवटचे फळ आणि वर्षभर बसून न राहता संघ बदलण्याची मोकळीक, या दोन्ही गोष्टी तेव्हा एकत्र आल्या होत्या. ते वय आता संपत आले आहे. शिवाय २०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंच्या मोबदल्यावरील हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मान्यता मिळाल्यापासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षाची मर्यादा २.०५ कोटी डॉलर होती, आणि ती सर्व खेळांसाठी मिळून. आज एखाद्या छोट्या विद्यापीठात कोणी तेवीस वर्षांचा लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) चमकला की वीस विद्यापीठे थैली घेऊन दारात उभी असतात. सिग्नेटींना जे खेळाडू केवळ ओळखीवर मिळाले, ते यापुढे तसे मिळणार नाहीत.

कॅम्पबेल यांची यंदाची फळी ही एकदाच वापरता येणारी शिदोरी आहे. बेक्टचे हे शेवटचे वर्ष. त्याच्याबरोबर आलेल्यांपैकी बरेच जण दोन वर्षांत संपतील, आणि एम्स दुसऱ्यांदा लुटता येत नाही.


नाना_निटनी

एम्सकरांनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले.

त्यात एक भर घालतो. आपण एरवी ज्याला भरती म्हणतो तिचे निम्मे काम हे घरातल्यांना घरात ठेवण्याचे असते, आणि तिथे कॅम्पबेल यांनी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक, टेरी स्मिथ यांना राहू दिले. ते पेन स्टेटचेच माजी खेळाडू. ऑक्टोबरात हंगामी प्रशिक्षक झाले तेव्हा संघ मोडून पडला होता. आयोवाकडून एका गुणाने आणि ओहायो स्टेटकडून ३८-१४ असे हरल्यानंतर पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुढे विजेते ठरलेल्या इंडियानाला शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजवले. ओमार कूपरने मैदानाच्या मागच्या रेषेवर पायाचे बोट टेकवून तो झेल घेतला नसता तर १६-० ही कथाच घडली नसती. त्यानंतर मिशिगन स्टेट, नेब्रास्का आणि रटगर्सला हरवून संघ ६-६ वर आला आणि पिनस्ट्राइप बोलमध्ये क्लेमसनलाही २२-१० असे हरवले. खेळाडू स्मिथ यांनाच कायम करा म्हणत होते. ते गेले असते तर पोर्टलमध्ये आणखी रांग लागली असती.

दुसरे म्हणजे नोल्स टेनेसीला गेल्यावर बचावासाठी डी’अँटन लिन यांना यूएससीहून आणले. तेही पेन स्टेटचेच. आक्रमणाला मात्र एम्सहून आपले टेलर माउझर आणले आहेत, ज्यांची आणि बेक्टची जुनी ओळख आहे. म्हणजे खेळण्याची पद्धत कॅम्पबेल यांची आणि राज्यातल्या शाळांशी असलेली ओळख आपल्या माणसांची, अशी ही वाटणी दिसते. पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि न्यू जर्सीतील शाळांशी संबंध जपणारा कोणी असल्याशिवाय २०२७ चा वर्ग उभा राहणार नाही.


कोलंबसची_काकू

पुण्याच्या प्रेक्षकांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, म्हणून मी लावते. तुमच्या आशेचा कस तिथेच लागणार आहे.

संघ निवडते ती तेरा सदस्यांची समिती. ती नोव्हेंबरपासून दर मंगळवारी क्रमवारी जाहीर करते. बारांपैकी पाच जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना आणि उरलेल्या सात क्रमवारीनुसार. पहिल्या चारांना पहिली फेरी माफ असते, पाच ते आठ क्रमांकांना पहिला सामना आपल्याच मैदानावर मिळतो. २०२४ मध्ये ही माफी फक्त विजेत्यांना होती, त्यामुळे बॉइजी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट तिसरे-चौथे झाले. गंमत अशी की माफी मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. पुढच्या वर्षी ती अट काढून सरळ क्रमवारी लावली. संख्या वाढवण्याची बरीच चर्चा होऊनही २०२६ मध्ये बाराच संघ राहणार आहेत, आणि कोणत्याही कॉन्फरन्समध्ये नसलेले नोत्र दाम पहिल्या बारांत आले तर त्यांना हमखास जागा आहे. म्हणजे सातांतली एक जागा आधीच धोक्यात.

आता तुमचे वेळापत्रक. बिग टेनमध्ये तुमच्या वाट्याला आम्ही नाही, ओरेगॉन नाही, इंडियानाही नाही. कॉन्फरन्सबाहेर मार्शल, टेम्पल आणि बफेलो. खरे सामने दोन-तीनच: मिशिगनला जाऊन, वॉशिंग्टनला जाऊन आणि घरी यूएससी. तुमच्यातील बरेच जण १०-२ धरून बसले असतील. मला विचाराल तर १०-२ पुरणार नाही. गेल्या हंगामात नोत्र दाम १०-२ होते आणि सलग दहा सामने जिंकलेले होते, बाहेर राहिले. व्हँडरबिल्ट एसईसीसारख्या तगड्या कॉन्फरन्समध्ये खेळून १०-२ होते, बाहेर राहिले. बीवाययू ११-२ होते, दोन्ही पराभव टेक्सास टेककडून, तेही बाहेर. तुमचे हे वेळापत्रक घेऊन १०-२ झालात तर समिती पहिला प्रश्न विचारेल की तुम्ही हरवले कोणाला.


वाबाशकाठचा

काकूंच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. २०२४ मध्ये इंडियानाचे वेळापत्रक असेच मवाळ होते आणि तुमच्याकडून म्हणजे ओहायो स्टेटकडून ते ३८-१५ असे हरलेही होते, तरी ११-१ वर दहावे मानांकन मिळाले. म्हणजे मवाळ वेळापत्रकाला एक पराभव माफ आहे, दोन नाहीत, असे म्हणता येईल. त्या वर्षी तुम्ही स्वतः १०-२ वर आठवे होतात, कारण तुमच्या खात्यात पेन स्टेट आणि इंडियानावरील विजय होते.


पहाटेचा_प्रेक्षक

काकू आणि ब्लॅक्सबर्गवाले, दोघांचेही आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले. एक भाबडा प्रश्न विचारतो. बिग टेनचे विजेतेपदच मिळवले तर समितीच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही ना?


नाना_निटनी

प्रश्न भाबडा नाही, उलट तोच राजमार्ग आहे. परंतु अठरा संघांच्या कॉन्फरन्समधून पहिले दोन अंतिम सामन्यासाठी इंडियानापोलिसला जातात, आणि वेळापत्रकात नसलेल्या तिघांपैकी एखादा तिथे मात्र भेटू शकतो. तिथवर पोहोचण्यासाठी बहुधा एकापेक्षा जास्त पराभव परवडणार नाही. म्हणजे दोन्ही वाटा घेतल्या तरी आकडा ११-१ वरच येऊन थांबतो.

माझा अंदाज विचाराल तर संघ ९-३ किंवा १०-२ होईल आणि शेवटच्या मंगळवारी अकराव्या ते चौदाव्या क्रमांकाच्या आसपास असेल. मिशिगनमध्ये शेरॉन मूर यांची डिसेंबरात हकालपट्टी झाली आणि युटाहून काइल व्हिटिंगहॅम आले. म्हणजे तिकडेही पहिलेच वर्ष, पण त्यांच्या हाती खेळाडू भरपूर आहेत. मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरला होणारा तो सामना यंदाचा निकाल ठरवील असे मला वाटते. यूएससी घरी आहे आणि वॉशिंग्टनशी खेळण्यासाठी सिएटलचा प्रवास लांबचा आहे, पण या दोन्हींत जिंकणे अशक्य नाही.


ब्लॅक्सबर्गवाला

नाना, अंदाज पटतो, पण तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येऊ. २०२८ ची चिंता खरी आहे, मात्र ती सुधारता येण्याजोगी आहे. आज जी मुले आमच्याकडे आली आहेत त्यांतील सर्व जण चार वर्षे इथेच राहतील असे तुम्हाला वाटते का? पोर्टलच्या काळात शालेय वर्ग ही पहिली बोली असते, शेवटची नाही. दोन वर्षांनी त्यांतील कोणी चमकला आणि आम्हाला परवडेनासा झाला, तर तो परत हॅपी व्हॅलीलाच, म्हणजे तुमच्या पेन स्टेटलाच दिसेल, याची मला आजच भीती वाटते.


एम्सकर

हे श्रीमंतांचे तत्त्वज्ञान झाले. एम्समध्ये राहणाऱ्याला विचारा, चमकलेला खेळाडू परत कधी येत नाही. कॅम्पबेल यांनी आयोवा स्टेटमध्ये जे उभे केले ते जुन्या नियमांत शक्य होते: मुलगा अठराव्या वर्षी आला, चुकला, शिकला आणि बाविसाव्या वर्षी त्याच रंगाच्या जर्सीत उत्तम खेळला. पेन स्टेटकडे त्याला थोपवून ठेवण्याचे पैसे आहेत, हीच त्यांची जमेची बाजू. म्हणून मी नोव्हेंबरातील क्रमवारीपेक्षा येत्या जूनमध्ये २०२७ च्या वर्गातील कोणती मुले अधिकृत भेटीसाठी स्टेट कॉलेजला येतात याकडे अधिक लक्ष ठेवीन, आणि त्यातही लाइनमन (पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू) किती येतात याकडे. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर (झेल घेणारे) पोर्टलमध्ये मिळतात. चांगला ऑफेन्सिव्ह टॅकल (आक्रमणाच्या फळीच्या टोकाचा लाइनमन) कोणी सोडत नाही, आणि सोडलाच तर त्याचा भाव ऐकून चक्कर येते.


नाना_निटनी

लाइनमनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कॅम्पबेल यांच्यासाठी ती मुले घरोघर जाऊन कोण मिळवणार, यावर पुढची चर्चा करू. २०२७ चे होकार येऊ लागले की याच धाग्यावर नोंदवत जाऊ या. काकूंनी ओहायोतील नावे आधी कळवावीत.


कोलंबसची_काकू

कळवीन की. आमच्याकडून नकार मिळालेल्यांची यादी दर आठवड्याला देत जाईन.